जनरल वॉर्डातला खोकला: नाशिकच्या एका रुग्णालयातील क्षयरोग प्रसाराचे प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिक शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाचे हे प्रकरण. खाटा दीडशेच्या घरात, सोबत नर्सिंगचे विद्यालय. ओपीडीला सातपूर-अंबडच्या कामगारवस्त्यांतून लोक येतात, तसेच पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, दिंडोरीकडूनही. द्राक्षबागांच्या हंगामात बाहेरगावच्या मजुरांची त्यात भर पडते. कोणाची ओळख पटू नये म्हणून वये, गावे, काळ आणि काही मापे बदलली आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

घटना महिला मेडिसिन वॉर्डातली. २४ खाटांचा, १८ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असा सरळ हॉल. इमारत जुनी, छत ३.३ मीटर उंच. पूर्वी दोन्ही लांब भिंतींना सहा-सहा लाकडी खिडक्या होत्या. प्रत्येक खिडकी १.८ बाय १.२ मीटरची, झडपा सताड उघडणाऱ्या, आणि वर झरोके. खिडक्या-झरोके मिळून उघडी जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्श्याएवढी भरत होती. हवेतून पसरणाऱ्या संसर्गाविषयी केंद्र सरकारने २०१० साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत नैसर्गिक वायुवीजनासाठी हेच २० टक्क्यांचे प्रमाण आहे.

तीन वर्षांपूर्वी वॉर्डाचे नूतनीकरण झाले. पूर्वेकडचा व्हरांडा बंद करून तिथे बिलिंगची केबिन आणि स्टोअर आले. त्या बाजूच्या सहाही खिडक्या विटांनी बुजवल्या. पश्चिमेला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या, २.७ मीटरवर पीओपीचे छत टाकले आणि चार स्प्लिट एसी लावले. वॉर्ड स्वच्छ आणि देखणा दिसू लागला, रुग्णांनाही तो आवडला. पण सरकती खिडकी पूर्ण उघडली तरी तिची निम्मीच जागा मोकळी होते. सहा खिडक्यांची मिळून उघडी जागा उरली ६.५ चौरस मीटर, म्हणजे १४४ चौरस मीटर जमिनीच्या साडेचार टक्के, तीही एकाच बाजूला. आणि स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. नूतनीकरणाच्या एकाही बैठकीत डॉक्टर किंवा सिस्टर नव्हत्या. आराखडा वास्तुविशारद आणि विश्वस्त यांनी ठरवला होता.

काय घडले

जानेवारीच्या सुरुवातीला एक तिशीतली बाई दाखल झाली. बागेत मजुरी करणारी, दीड महिन्याचा खोकला, ताप, वजन उतरलेले. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून न्यूमोनिया लिहिले आणि इंजेक्शनच्या प्रतिजैविकासोबत लिव्होफ्लॉक्सासिन सुरू केले. दम लागत होता म्हणून दिवसातून चार वेळा नेब्युलायझरने वाफ. खाट भिंतीकडची, रांगेच्या मधोमध.

दोन दिवसांत ताप उतरला, खोकलाही थोडा कमी झाला. लिव्होफ्लॉक्सासिनचा टीबीच्या जंतूंवर अंशतः परिणाम होतो, त्यामुळे रुग्णाला तात्पुरते बरे वाटते आणि निदान लांबते. इथे तसेच झाले. चौथ्या दिवशी थुंकीची तपासणी लिहिली गेली. नमुना वॉर्डातच, सकाळी चहानंतर घेतला. डबीत बेडका नव्हता, नुसती लाळ होती. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले नाहीत आणि केसपेपरवर ‘टीबी नाही’ अशी नोंद झाली. ही चूक सर्रास होते. सूक्ष्मदर्शकात जंतू दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात ते हजारोंच्या संख्येने असावे लागतात, आणि लाळेत ते सापडणे अवघडच. नवव्या दिवशी ताप पुन्हा चढला, तेव्हा सीबीनॅट या जनुकीय चाचणीसाठी नमुना गेला. अकराव्या दिवशी अहवाल हातात आला: टीबी आहे, आणि रिफाम्पिसिन या टीबीवरच्या मुख्य औषधाला दाद न देणारा.

अकरा दिवस ती बाई चोवीस खाटांच्या वॉर्डात खोकत होती. नाशिकची जानेवारीची थंडी. निफाडकडे पारा किती उतरतो ते इथल्या लोकांना सांगायला नको. संध्याकाळी डासांसाठी आणि रात्री गारठ्यासाठी खिडक्या बंद. प्रत्येक खाटेखाली एखादी नातेवाईक बाई सतरंजी टाकून झोपलेली.

तिला औषधाला दाद न देणाऱ्या टीबीच्या सरकारी उपचार केंद्राकडे (नोडल डीआर-टीबी केंद्र) पाठवले, तिथे तिचे उपचार सुरू झाले. रुग्णालयाच्या दृष्टीने प्रकरण इथेच मिटले असते. पण तिच्या सोबतच्यांची यादी करताना मेट्रननी वॉर्डाच्या सिस्टरांचे रजेचे रजिस्टर मागवले. गेल्या चौदा महिन्यांत त्याच वॉर्डातल्या तीन सिस्टर आणि एक नर्सिंगची विद्यार्थिनी टीबीसाठी रजेवर गेल्या होत्या. एकीच्या छातीत पाणी झाले होते, एकीला मानेत गाठ, दोघींना फुप्फुसाचा टीबी. चौघींनी चार वेगळ्या डॉक्टरांकडे उपचार घेतले. दोघींनी कामावर कारण सांगितलेच नव्हते, अर्जावर ‘अशक्तपणा’ लिहिले होते. एका ठिकाणी चार नोंदी आहेत हे चौदा महिने कोणाच्याही नजरेस आले नाही.

पहिला वाद: लागण घरची की दवाखान्याची?

व्यवस्थापनाची पहिली प्रतिक्रिया अशी की टीबी सगळीकडेच आहे, या मुलींना घरी किंवा बसमध्ये लागला असेल. म्हणणे अगदीच चूक नाही. जगातल्या टीबीच्या नव्या रुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत, आणि एका व्यक्तीची लागण नेमकी कुठली हे जंतूंच्या जनुकीय तपासणीशिवाय सांगता येत नाही. शिवाय त्या चौघी जानेवारीतल्या बाईच्या आधीच आजारी पडल्या होत्या. ती त्यांचे कारण असूच शकत नव्हती.

याच मुद्द्याने प्रकरणाला दिशा दिली. ती बाई कारण नसेल, तर तिच्यासारखे दुसरे कोणीतरी, बहुधा अनेकजण, निदान न होता त्या वॉर्डातून येऊन गेले होते. देशाचा दर लाखाला वर्षाकाठी दोनशेच्या आसपास धरला, तर वॉर्डाच्या २२ सिस्टरांमध्ये वीसेक वर्षांत एखादा रुग्ण निघावा. इथे चौदा महिन्यांत तीन होते. आकडे लहान आहेत, त्यांच्यावर फार मोठे विधान करता येणार नाही, पण ‘योगायोग’ म्हणून फाईल बंद करण्याइतके ते लहान नाहीत.

बैठकीत बाहेरचे दाखलेही ठेवले गेले. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची तपासणी झाली होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्मे लोक दोनपैकी किमान एका चाचणीत टीबीची लागण झालेले निघाले, म्हणजे आजारी नव्हेत, पण शरीरात जंतू असलेले. दक्षिण आफ्रिकेतल्या टुगेला फेरी या गावच्या रुग्णालयात २००५-०६ मध्ये बहुतेक औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचे ५३ रुग्ण सापडले, त्यांतले ५२ दगावले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांनी पूर्वी कधी टीबीचे औषधच घेतले नव्हते, म्हणजे औषधाला न जुमानणारा जंतू त्यांना थेट दुसऱ्याकडून मिळाला होता, आणि बरेचजण नुकतेच रुग्णालयात राहून गेलेले होते. नाशिकच्या वॉर्डाची परिस्थिती तितकी टोकाची नव्हती, कारण टुगेला फेरीत एचआयव्हीचे प्रमाण फार मोठे होते. पण प्रसाराची यंत्रणा तीच: ओळख न पटलेला रुग्ण, कोंडलेली हवा, भरपूर वेळ.

हवेची मोजणी

वाद मिटला तो मोजमापाने. कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे छोटे यंत्र वॉर्डात एक रात्र ठेवले. बाहेर ४३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४३० भाग), वॉर्डात पहाटे तीनला १,९००. झोपलेला माणूस सेकंदाला साधारण ०.००४ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्यावरून हिशेब केला तर माणशी सेकंदाला जेमतेम पावणेतीन लिटर ताजी हवा मिळत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेत साध्या वॉर्डासाठी नैसर्गिक वायुवीजनातून रुग्णामागे ६० लिटर अपेक्षित आहेत. रुग्ण आणि नातेवाईक मिळून पंचेचाळीस माणसे धरली, तर वॉर्डातली हवा तासाला साधारण एकदाच बदलत होती.

या एका आकड्यात बरेच काही आहे. टीबीचे जंतू वाहणारे कण १ ते ५ मायक्रॉनचे असतात, तासन्‌तास तरंगतात. हवा तासाला एकदा बदलत असेल, तर हवेतले ९९ टक्के कण निघून जायला साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो. तासाला सहा वेळा बदलली तर ४६ मिनिटे, बारा वेळा बदलली तर २३ मिनिटे. दरम्यान रुग्ण पुन्हा खोकतो, म्हणजे पहिल्या परिस्थितीत हवा कधी स्वच्छ होतच नाही.

दुसरी तपासणी उदबत्तीची. ती पेटवून वेगवेगळ्या खाटांजवळ धरली. धूर पीओपीच्या छतापर्यंत चढला, एसीच्या झोताने आडवा झाला आणि समोरच्या रांगेतल्या खाटांवर उतरला. वॉर्डाच्या सिस्टर ते उभ्या राहून पाहत होत्या. पुढे खिडक्या उघड्या ठेवण्याच्या नियमाला त्यांच्याकडून कधी विरोध झाला नाही, तो याच पाच मिनिटांमुळे.

विचारात घेतलेले पर्याय

विश्वस्तांच्या मनात पहिल्यापासून उणे दाबाच्या, म्हणजे आतली हवा वॉर्डात येऊ न देणाऱ्या, दोन खोल्या होत्या. अशा खोलीला चोवीस तास वीज, फिल्टर बदलण्याचा खर्च आणि दाब रोज तपासणारा माणूस लागतो. यांतले काहीही कमी पडले की ती नुसती बंद खोली उरते. पण खरा आक्षेप वेगळा होता. त्या खोलीत जाणार तो निदान झालेला रुग्ण, आणि निदान होऊन योग्य औषध सुरू झाले की रुग्णाची संसर्गक्षमता झपाट्याने उतरते. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९५०च्या दशकात वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांतून फिरवून जे प्रयोग झाले, त्यांत उपचार घेणाऱ्यांकडून लागण फारच कमी झाली होती. पुढे पेरूची राजधानी लिमा इथे तसाच प्रयोग झाला, तेव्हा बहुतेक सगळी लागण योग्य औषध न मिळालेल्या, औषधाला दाद न देणाऱ्या मोजक्या रुग्णांपासून झाल्याचे दिसले. जानेवारीतली बाई अकरा दिवस वॉर्डात होती ती खोली नव्हती म्हणून नव्हे, तर तिला टीबी आहे हे कोणाला माहीत नव्हते म्हणून.

सगळ्यांना एन-९५ द्या, ही सिस्टरांची मागणी होती आणि ती रास्त होती. पण बारा तासांच्या पाळीत एन-९५ घट्ट बसवून कोणी राहू शकत नाही, आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे व खाली झोपलेल्या नातेवाइकाचे रक्षण त्याने होत नाही. खोकणाऱ्या रुग्णाला साधा सर्जिकल मास्क लावणे स्वस्त पडते. दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रयोगात त्याने लागण ५६ टक्क्यांनी घटली होती. अर्थात रुग्ण झोपेत, जेवताना, दम लागल्यावर तो काढतोच.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांचे प्रात्यक्षिकही झाले. विक्रेत्याचे यंत्र तासाला ४०० घनमीटर हवा गाळणारे होते. वॉर्डाचे घनफळ ३८९ घनमीटर. म्हणजे एका यंत्रामागे तासाला एकच बदल वाढणार, तोही फिल्टर नवा आणि यंत्र पूर्ण वेगात असताना. हवेतले जंतू मारणाऱ्या, छताखालच्या अतिनील दिव्यांचा पर्याय चांगला होता. योग्य बसवले तर ते परिणामकारक ठरतात हे लिमा आणि दक्षिण आफ्रिकेत दिसले आहे. पण त्यांना हवा वर-खाली खेळवणारे पंखे, वर्षाला नळ्या बदलणे, दर महिन्याला त्या पुसणे आणि किरणांची तीव्रता मोजणारे यंत्र लागते. ते दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवले.

सर्व कर्मचाऱ्यांची मांटू चाचणी (टीबीची लागण पाहण्याची त्वचेवरची चाचणी) करावी, अशीही एक सूचना होती. सेवाग्रामसारखे निम्मे लोक पॉझिटिव्ह निघणार, त्यांतली लागण जुनी किती आणि वॉर्डातली किती हे कळणार नाही. म्हणून जुन्या कर्मचाऱ्यांसाठी लक्षणांची चौकशी आणि एक्स-रे ठरला. चाचणी फक्त नव्याने येणाऱ्या विद्यार्थिनींची, प्रवेशाच्या वेळी, म्हणजे पुढे तुलनेला आधार राहतो.

निवडलेला मार्ग म्हणजे खोकणारा माणूस दारातच ओळखणे, त्याच दिवशी जनुकीय चाचणी करणे आणि वॉर्ड पुन्हा उघडा करणे. यातल्या रुग्ण स्वतःहून शोधणे, वेगळा ठेवणे आणि योग्य उपचार सुरू करणे या भागाला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘फास्ट’ म्हणतात.

केलेली कामे

केसपेपरच्या खिडकीवर प्रत्येक मोठ्या माणसाला तीन प्रश्न: खोकला किती दिवस, ताप किंवा वजन उतरणे आहे का, घरात किंवा पूर्वी स्वतःला टीबी होता का. दोन आठवडे किंवा अधिक खोकला असेल तर केसपेपरवर पिवळी पट्टी, मास्क, आणि नंबर आधी. ‘टीबी’ हा शब्द रांगेत उच्चारायचा नाही. ‘काकू, खोकला आहे ना, तुमचा नंबर आधी घेते, तिकडे शेडमध्ये बसा’ एवढेच. पुढे घेतात म्हटल्यावर मास्कला कोणी नाही म्हणत नाही. बसायची जागा पोर्चच्या बाहेर, तिन्ही बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडखाली.

बेडका द्यायची जागा इमारतीबाहेर, कंपाउंडच्या भिंतीजवळ, उघड्यावर, आडोशाला फक्त छातीइतकी भिंत. शौचालयात नमुना द्यायला पाठवणे बंद केले, ती सगळ्यात कोंडलेली जागा. रुग्णाने आधी चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन खाकरायचे, आणि डबीत २ ते ५ मिलिलिटर चिकट बेडका आला की झाकण. लाळ असेल तर सिस्टरने तिथेच परत मागायचा. नमुने दिवसातून दोनदा, साडेदहाला आणि साडेतीनला, राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रमाच्या ट्रूनॅट (सीबीनॅटसारखीच जनुकीय चाचणी) केंद्रावर जाऊ लागले. ट्रूनॅटवर टीबीचा निकाल साधारण तासाभरात, रिफाम्पिसिनचा आणखी तासाभराने मिळतो. निक्षय या सरकारी टीबी नोंदणी प्रणालीवर नोंद नमुना पाठवतानाच होते. टीबीची नोंद करणे खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे, तरी आधीच्या चौघींपैकी दोघींची ती झालीच नव्हती.

वॉर्डासाठी लेखी नियम दोनच केले. पिवळी पट्टी असलेल्या रुग्णाला बेडका जाण्याआधी लिव्होफ्लॉक्सासिन किंवा त्या गटातले औषध नाही. आणि अहवाल येईपर्यंत नेब्युलायझर नाही, त्याऐवजी स्पेसर (औषध साठवणारी नळी) लावून इनहेलर. अशा रुग्णांना वारा ज्या बाजूने बाहेर पडतो तिकडच्या शेवटच्या चार खाटा.

बांधकामाला सर्वाधिक वेळ गेला. पीओपी उतरवले, घनफळ पुन्हा ४७५ घनमीटर झाले. पश्चिमेच्या सरकत्या खिडक्या काढून कब्ज्याच्या झडपा लावल्या. पूर्वेच्या बुजवलेल्या खिडक्यांच्या जागी वरच्या भागात १.८ बाय ०.४५ मीटरचे सहा झरोके फोडले, एकूण ४.८६ चौरस मीटर. ढोबळ सूत्र असे: ०.६५ गुणिले वाऱ्याचा वेग, गुणिले दोन बाजूंपैकी लहान बाजूची उघडी जागा, गुणिले ३,६००, भागिले घनफळ. सेकंदाला अर्धा मीटर इतक्या मंद वाऱ्यात तासाला बारा बदल येतात. वारा पडलेल्या रात्री हेच उत्तर दोन-अडीचवर घसरते, म्हणून चार एक्झॉस्ट पंखे. माहितीपत्रकात प्रत्येकी १,२०० घनमीटर होते, जाळी आणि धूळ लक्षात घेऊन ८०० धरले, म्हणजे नुसत्या पंख्यांवर तासाला सहा-सात बदल.

व्हरांड्यातली केबिन हलवण्यावर बिलिंग विभाग आणि प्रशासन यांच्यात बराच खल झाला. ती हलवणे अटळ होते. पावसाळ्यात नाशिकला वारा पश्चिमेचा, म्हणजे वॉर्डातली हवा झरोक्यांतून व्हरांड्यात जाणार. तिथे बंद केबिनमध्ये दोन क्लार्क बसले असते तर वॉर्डाचा प्रश्न त्यांच्या गळ्यात पडला असता. व्हरांडा पूर्ण मोकळा केला, नातेवाइकांचे बाक जिन्याच्या पलीकडे नेले.

डासांसाठी खिडक्यांना बारीक जाळी लावायची नाही असे ठरले, कारण ती हवा बरीच अडवते आणि धुळीने महिन्याभरात निम्मी बुजते. त्याऐवजी प्रत्येक खाटेला मच्छरदाणी. कबुतरांसाठी मोठ्या छिद्रांचे नायलॉनचे जाळे. थंडीत खालच्या झडपा बंद ठेवायला परवानगी, वरच्या कायम उघड्या, आणि प्रत्येक रुग्णाला एक जादा ब्लँकेट.

एन-९५ या शेवटच्या चार खाटांसाठी, औषधाला दाद न देणाऱ्या रुग्णासाठी आणि बेडका काढायला मदत करताना. वापरलेला मास्क नाव लिहिलेल्या कागदी पिशवीत ठेवायचा, प्लास्टिकमध्ये दमट राहतो. पट्टी सैल झाली किंवा तो ओला झाला की टाकायचा.

कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची नोंद वॉर्डाच्या साखळीबाहेरच्या एका डॉक्टरांकडे दिली. सिस्टरांची भीती ही की टीबी निघाला तर घरी बसवतील, लग्नाच्या मुलींचे तर बोलायलाच नको. म्हणून पगारी रजा आणि परत त्याच पदावर घेण्याची लेखी हमी आधी दिली, तपासणी नंतर सुरू केली. कर्मचारी भरपाई कायदा, १९२३च्या तिसऱ्या अनुसूचीत आरोग्यसेवेतल्या संसर्गजन्य रोगांचा व्यवसायजन्य रोगांत समावेश होता, हे त्या पत्रात नमूद केले.

काय बिघडले

पहिले काही आठवडे पट्ट्या नीट लागल्या, मग एकदम थांबल्या. तीन प्रश्न विचारणाऱ्या मावशी रजेवर गेल्या होत्या आणि बदली माणसाला कोणी शिकवले नव्हते. तेव्हापासून दर शनिवारी ओपीडीचा आकडा आणि वापरलेल्या पट्ट्या शेजारी-शेजारी लिहिल्या जातात. पट्ट्या घटल्या की लगेच कळते.

रात्री वॉर्डबॉय मामा वरच्या झडपाही लावून घेत. चोरीची भीती आणि थंडीची तक्रार, दोन्ही खरे. समज देऊन फरक पडला नाही. शेवटी वरच्या झडपांच्या कड्या काढून त्या तारेने उघड्या बांधल्या आणि बाहेरून गज लावले. पंखे आवाजामुळे बंद होत, त्यांची बटणे सिस्टरांच्या टेबलाजवळ नेली. पंख्यांच्या जाळ्यांवर कापसासारखी धूळ जमते, ती महिन्याच्या पहिल्या सोमवारी निघते.

मोठी उणीव शनिवार दुपार ते सोमवार सकाळची. ट्रूनॅट केंद्र तेव्हा बंद, आणि रात्री तातडीने दाखल होणारा रुग्ण केसपेपरच्या खिडकीवरून येतच नाही. तीन प्रश्न कॅज्युअल्टीच्या नोंदवहीत छापले, पण तिथे ते निम्म्या वेळा कोरेच राहतात. जानेवारीतली बाई रात्रीच दाखल झाली होती, हे लक्षात घेतले तर ही उणीव किरकोळ नाही.

संपर्कातल्या रुग्णांचा शोधही अर्धवट राहिला. केसपेपरवरचे मोबाइल नंबर बऱ्याचदा शेजाऱ्याचे किंवा मुकादमाचे होते. तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकांनी आशाताईंमार्फत गावागावांत चौकशी केली, म्हणून बहुतेकजणी सापडल्या. हंगाम संपवून गेलेल्या मजूर बायका सापडल्या नाहीत.

परिणाम

दारात पाऊल ठेवल्यापासून अहवालापर्यंतचा वेळ कामाच्या दिवशी एका दिवसावर आला. पहिल्या आठ महिन्यांत पिवळ्या पट्टीतून टीबीचे जे रुग्ण निघाले, त्यांतले बहुतेक छातीच्या तक्रारीसाठी आलेच नव्हते. एकीला मधुमेहाची जखम होती, एक गरोदरपणाच्या तपासणीला आलेली, एकजण नातेवाइकाला भेटायला आलेला. दोघांचा टीबी रिफाम्पिसिनला दाद न देणारा होता, आणि दोघेही वॉर्डात न जाता थेट डीआर-टीबी केंद्राकडे गेले. रात्री तीनची कार्बन डायऑक्साइडची पातळी हिवाळ्यातही ७०० पीपीएमच्या खाली राहू लागली.

नवव्या महिन्यात आणखी एका विद्यार्थिनीला टीबी झाला. तिने स्वतःहून आरोग्य नोंदीच्या डॉक्टरांकडे येऊन खोकला सांगितला आणि त्याच दिवशी चाचणी झाली. लागण झाल्यावर आजार काही आठवड्यांत होऊ शकतो किंवा वर्षांनी, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. म्हणून तिची लागण बदलांआधीची की नंतरची हे ठरवता येत नाही, आणि कर्मचाऱ्यांमधले रुग्ण कमी झाले असे म्हणायला अजून निदान दोन वर्षे नोंद ठेवावी लागेल.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या सिस्टरच्या छातीत पाणी झाले तेव्हाच शोध सुरू व्हायला हवा होता. फुप्फुसाबाहेरचा टीबी दुसऱ्याला लागत नाही म्हणून त्याकडे संसर्ग नियंत्रणाचा प्रश्न म्हणून पाहिले गेले नाही. पण तिला तो कोणाकडून तरी हवेतूनच मिळाला होता. तरुण, धडधाकट कर्मचाऱ्याच्या छातीत पाणी होणे हे अनेकदा नव्या लागणीचे लक्षण असते. वॉर्डातली हवा बिघडल्याची तीच पहिली खूण मानायला हवी होती.

नूतनीकरणाआधी वॉर्डाच्या सिस्टरना एक प्रश्न विचारला असता तरी चालले असते. बदल उलटवायला जो खर्च आला, त्यात झरोके राखून रंगरंगोटी सहज झाली असती. लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांच्या पाहणीत जुन्या, उंच छताच्या इमारतींत खिडक्या-दारे उघडल्यावर हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती, नव्या इमारतींत १७ वेळा. सरकारी असो की धर्मादाय, जुन्या रुग्णालयाचे व्हरांडे बंद करण्याआधी हा फरक बांधकाम समितीसमोर ठेवायला हवा.

जानेवारीतल्या बाईच्या शेजारच्या खाटांवरच्या बायकांना प्रतिबंधक औषध द्यावे का, यावर वेळेत निर्णय झाला नाही. नेहमीचे आयसोनियाझिडचे प्रतिबंधक उपचार अशा जंतूंवर भरवशाचे नाहीत. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीच्या संपर्कात आलेल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सहा महिने लिव्होफ्लॉक्सासिनची शिफारस केली आहे. पण त्यासाठी आधी सक्रिय टीबी नाही याची खात्री, रुग्णाच्या जंतूंची लिव्होफ्लॉक्सासिनला दाद आहे का याचा अहवाल आणि डीआर-टीबी केंद्राचा सल्ला लागतो. ही विचारणा संपर्काची यादी तयार होताच, पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी होती. ती दोन महिन्यांनी झाली, तोपर्यंत निम्म्या जणी घरी गेल्या होत्या.

अतिदक्षता विभाग अजून तसाच आहे. तिथे एसी लागतोच, खिडक्या उघडता येत नाहीत, आणि टीबीचे निदान न झालेला रुग्ण श्वासनलिकेत नळी घालताना सर्वाधिक धोका तिथेच निर्माण करतो. एसीच्या यंत्रणेत बाहेरची हवा घेणारी डक्ट आणि छताखाली अतिनील दिवे, असे दोन प्रस्ताव अंदाजपत्रकासह विश्वस्तांपुढे आहेत. तोवर तिथे नळी घातलेल्या प्रत्येक रुग्णाच्या श्वासनलिकेतला नमुना पहिल्याच दिवशी ट्रूनॅटला जातो, आणि नळी घालताना खोलीत एन-९५ लावलेली तीनच माणसे असतात.